दिव्याभोवतीची कडी

उजेडबाई हे काही बाईंचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने हाक मारणारं उरलं होतं कोण? आई गेली, शाळेतली नोकरी संपली, आणि धाकटी बहीण लहानपणापासून नुसतं ‘ताई’ म्हणायची. शाळेत मुख्याध्यापक मधल्या सुट्टीत चिडवायचे, “काय बाई, आज काय उजेड पाडला?” बाई सरळ उत्तर द्यायच्या, “आज पाण्यात पाडला, सर. पेन्सिल वाकडी झाली.” तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. बाईंना ते आवडायचं, पण कबूल करतील तर त्या बाई कसल्या!

लग्न केलं नाही. आईचं करता करता राहून गेलं म्हणायचे लोक. तर निवृत्त झाल्यावर बाईंनी काय केलं, गल्लीकडची खिडकी उघडली. घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीच्या गजाला एक छोटा फळा टांगला आणि दर सोमवारी त्यावर प्रकाशाचं एक कोडं लिहायला सुरुवात केली. ‘वाटीच्या तळाशी बटण ठेवलं. मागे सरकलात की ते काठाआड दडतं. वाटीला आणि बटणाला हात न लावता ते पुन्हा कसं दिसेल?’ ‘अख्खं अंग दिसायला आरसा आपल्याएवढाच उंच लागतो का?’ ‘एकाच माणसाच्या दोन सावल्या कधी पडतात?’

शाळेतून घरी जाणारी पोरं आधी नुसती वाचून पळायची. मग थांबायला लागली, मग वाटीत पाणी ओतून बटण वर आल्यासारखं दिसतं म्हणून किंचाळायला लागली. संध्याकाळी उत्तर द्यायला खिडकीशी ही गर्दी! नियम दोनच. तोंडी उत्तर चालणार नाही, करून दाखवायचं. आणि ज्याने कोडं सोडवलं त्याने पुढचं घालायचं. ‘दिसत नाही बाई’ असं कोणी म्हणालं की बाईंचं ठरलेलं वाक्य असे, “दिसत नाही म्हणजे तू बघितलंच नाहीस. जा, परत बघून ये.” नोकरीभर हेच वाक्य. त्या वाक्याने पोरांची एक अख्खी पिढी डोळे फाडून बघायला शिकली, हे खरं. पण तेच एक दिवस बाईंच्या अंगावर उलटणार होतं.

एक गोष्ट मात्र पोरांना ठाऊक नव्हती. काल संध्याकाळी पोरं गेली की आज संध्याकाळी ती येईपर्यंत बाईंच्या तोंडून एक शब्द निघत नसे. कोणाशी बोलणार? भांड्यांशी? त्यामुळे पाच वाजत आले की आवाज घोगरा झालेला असे. पोरांना म्हातारीसारखा आवाज ऐकू येऊ नये म्हणून बाई स्वयंपाकघरात उभ्या राहून घसा मोकळा करायला मोठ्याने पाढे म्हणायच्या. एकोणीसचा पाढा झाला की आवाज लागे, मग खिडकी उघडायची.

धाकटीचा फोन रविवारी. ती लांब, दुसऱ्या शहरात. “ताई, लेकीची खोली रिकामी आहे. ये ना इकडे. कशाला एकटी खितपत पडतेस?”

“एकटी कसली? रोज पोरं येतात.”

“आणि ती यायची थांबली तर?”

“थांबली की येते तुझ्याकडे. तोवर तोंड बंद ठेव.” हे बाई हसत म्हणायच्या. आपण स्वतःलाच शब्दात अडकवतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग त्या वर्षी खिडकीसमोरच्या खांबावरचा जुना पिवळा दिवा काढून नवा पांढराशुभ्र बसवला. त्याच आठवड्यात एका तिन्हीसांजेला बाईंनी मान वर केली आणि बघतच राहिल्या. दिव्याभोवती रंगीत कडी! आत निळसर, बाहेर तांबूस, मध्ये हिरव्याची पुसट रेघ. धुकं नाही, पाऊस नाही, हवा स्वच्छ, आणि दिव्याला इंद्रधनुष्याची कडी! नव्या दिव्याच्या काचेत काहीतरी करामत असणार, बाईंनी ठरवून टाकलं. संध्याकाळी कपाळ जरा ठणकायचं, डोळ्यापुढे धुरकट व्हायचं. त्याचं खापर त्यांनी जुन्या चष्म्यावर फोडलं आणि विषय मिटवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सोमवारी फळ्यावर कोडं आलं: ‘समोरच्या नव्या दिव्याभोवती रंगीत कडी का दिसतात?’

संध्याकाळी दिवा लागला तशी पोरांनी वर बघितलं. एकमेकांकडे बघितलं. परत वर बघितलं. ‘दिसत नाहीत’ म्हणायची कोणाची टाप? ते वाक्य कानाशी तयारच होतं.

सगळ्यात उंच पोरगा लंबू. तो पुढे झाला. “बाई, सात कडी दिसतात. तांबडं सगळ्यात आत.”

“आत?” बाई म्हणाल्या.

“नाही, मी तर म्हणतो बाहेर,” दुसरा घाईने म्हणाला. तिसऱ्याला तर कडी चौकोनी दिसत होती. बाईंच्या लक्षात आलं, पोरं थापा मारताहेत. आणि न बघता बोलणं म्हणजे बाईंच्या लेखी सगळ्यात मोठं पाप. राग नाकाच्या शेंड्यावरच बसलेला.

“खोटारडे कुठले! इतकं शिकवलं ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी! चालते व्हा. खरोखर बघितल्याशिवाय या खिडकीशी उभं राहायचं नाही.”

पोरं गेली. शब्दाला इतकी जागली की पुन्हा आलीच नाहीत.

पहिल्या दिवशी बाईंना वाटलं, बरी अद्दल घडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाढे म्हटले, खिडकी उघडली, आणि गल्लीतून दप्तरं समोरच्या कडेने खाली मान घालून निघून गेली. कोडं बदललं असतं तर? बाईंच्याही मनात आलं ते. पण न सुटलेलं कोडं पुसायचं म्हणजे पोरांना पळवाट दाखवायची. छे! हट्टाला पेटलेल्या माणसाला कोण समजावणार, आणि समजवायला घरात होतं तरी कोण? फळा तसाच राहिला. बाई रोज पाढे म्हणायच्या, मोकळा झालेला घसा घेऊन खिडकीत बसायच्या आणि तो न वापरता खिडकी लावून घ्यायच्या. खडू हवेने ओलसर झाला. वाटीतल्या बटणावर धूळ बसली. मधे एकदा दारावर थाप पडली तेव्हा बाई धावतच गेल्या. मीटर बघणारा माणूस होता. त्यालाच त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या. तो म्हणाला, “घाई आहे, बाई.” तो गेल्यावर बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगावं.

“पोरं येतात ना?” धाकटीने फोनवर विचारलं.

“येतात की.”

पुढच्या रविवारी तिने पुन्हा विचारलं. बाई लावलेल्या खिडकीकडे बघत राहिल्या.

“ताई?”

“नाही येत गं. मीच हाकललं त्यांना.” आणि बाईंचा बांध फुटला. “दिवसभर कोणाचा आवाज नाही बघ. कधीकधी वाटतं, आपण आहोत की नाही हेही कोणीतरी बघून सांगायला हवं.”

“मी शनिवारी येते न्यायला,” धाकटी म्हणाली. ‘ये’ म्हणायचं बाईंच्या जिवावर आलं. पण शब्द त्यांचाच होता.

शुक्रवारी संध्याकाळी बाई फळा काढायला खिडकीशी आल्या. भिंगं, आरसे, काचेचा लोलक सगळं खोक्यात भरून झालं होतं. दिवा नुकताच लागला होता, आणि कडी होतीच, आज तर जास्तच ठळक. फळ्याची दोरी सोडवत होत्या तोच गजाशी दोन वेण्या दिसल्या. शंकासूर! पोरांतली सगळ्यात लहान, जिच्या शंका संपता संपत नाहीत म्हणून बाईंनीच तिचं हे नाव ठेवलेलं.

“बाई, मला रागवा. पण कडी दिसत नाहीत.”

बाईंच्या ओठांवर ते वाक्य आलंच. “दिसत नाही म्हणजे तू—”

“बघितलं!” पोरगी जवळजवळ ओरडली. “खांबाखालून बघितलं, गच्चीवरून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं, आजीचा चष्मा लावून पण बघितलं, तेव्हा तर दिवाच दिसला नाही. रोज बघते. आईला दाखवलं, लाँड्रीवाल्या काकांना दाखवलं. कोणालाच कडी नाहीत.”

“मग मला काय भूत दिसतं?”

शंकासूर गजाला आणखी चिकटली. मग भीत भीत म्हणाली, “थंडीत धुकं पडलं होतं तेव्हा तुम्हीच शिकवलं ना? दिव्यावर अंगठा धरायचा. दिवा झाकला तरी कडं दिसत राहिलं तर ते बाहेर, धुक्यात आहे. आणि दिव्याबरोबर कडंही गेलं तर…”

तिने वाक्य पुरं केलं नाही. बाईंना ते पुरं करून द्यायची गरजही नव्हती. त्यांनी हात गजाबाहेर काढला, एक डोळा मिटला आणि अंगठ्याने दिवा झाकला.

कडी गेली. निळं, हिरवं, तांबूस, सगळं एकदम. अंगठा काढला, कडी परत. झाकला, गेली. दुसऱ्या डोळ्याने बघितलं, तेच. बाईंनी हात आत घेतला.

“कुठे आहेत बाई, कडी?” शंकासूरने विचारलं.

बाईंनी बोट स्वतःच्या डोळ्याला लावलं. “इथे.” आणि सवयीने तोंडून निघून गेलं, “शाबास. सुटलं तुझं कोडं.”

पोरीला आनंद व्हायला हवा होता. ती रडायला लागली.

शनिवारी धाकटी आली ती सामान उचलायला, आणि गेली ताईला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. डोळ्यातल्या पाण्याचा निचरा तुंबून आतला दाब वाढतोय, म्हणाल्या. लेझरने बारीक छिद्र पाडू, थेंब देऊ, कडी जातील. पण डाव्या डोळ्याची कडेची नजर गेलीय, ती परत यायची नाही.

“छिद्रातून उजेडाची गंमत मी जन्मभर शिकवली,” बाई म्हणाल्या. “आता माझ्याच डोळ्याला छिद्र.” त्यावर कोणी हसलं नाही.

“कडी दिसायला लागून बरेच दिवस झाले असतील. इतक्या उशिरा का आलात?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “घरी कोण असतं?”

“कोणी नाही.”

“तरीच,” त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहायला लागल्या.

तो ‘तरीच’ बाईंच्या काळजात रुतला. घरात दुसरं कोणीही असतं, भांडकुदळ असतं, बहिरं असतं तरी चाललं असतं. त्याने पहिल्याच संध्याकाळी म्हटलं असतं, ‘कसली कडी? मला नाही दिसत.’ एवढंच पुरलं असतं. दुसरे डोळे नव्हते म्हणून बाईंनी एका डोळ्याची कड घालवली. रिक्षात बसल्यावर धाकटीचा हात धरून त्या रडल्या, लहान मुलीसारख्या.

डोळ्यांचं सगळं उरकल्यावर निघायचा दिवस आला. बॅगा दाराशी ठेवलेल्या. त्या दिवशी पाढे म्हणावे लागले नाहीत. सकाळपासून धाकटीशी भांडूनच घसा मोकळा झाला होता. पाच वाजता खिडकीबाहेर कुजबुज ऐकू आली. बाईंनी दार उघडलं, तर लंबू खाली मान घालून उभा, मागे सगळी फौज. दोरी अर्धी सुटलेला फळा परत गजाला नीट टांगलेला. सोडवणाऱ्याने पुढचं कोडं घालायचं, नियमच होता. शंकासूरच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं:

‘आज बाईंना काय दिसतं आणि आम्हाला काय दिसतं? रोज संध्याकाळी बघायचं.’

“हे काय कोडं झालं? याला उत्तर कुठाय?” बाई म्हणाल्या. आवाज पुन्हा घोगरा झाला होता. “आणि ती कार्टी कुठाय?”

“मी इथेच आहे, बाई.”

बाईंनी इकडे तिकडे बघितलं. पोरगी त्यांच्या डाव्या हाताशी, अगदी कोपराजवळ उभी होती. मग शंकासूर गुपचूप बाईंच्या उजव्या बाजूला गेली. “आता?”

“आता दिसलीस.”

धाकटीने एक उसासा टाकला, दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि आत नेऊन उघडली. “हट्टी ती हट्टीच,” एवढंच म्हणाली. रविवारी ती एकटीच गेली.

ती गेल्यावर घर पुन्हा होतं तेवढंच रिकामं झालं. खोटं कशाला बोला, रात्री तशाच लांबलचक राहिल्या, सकाळीही भांड्यांशिवाय कोणी बोलायला नव्हतं. पाढेही सुरू झाले. पण एकोणीसचा पाढा संपवून बाई खिडकी उघडायच्या तेव्हा उजवीकडच्या गजाशी दोन वेण्या असायच्या. समोरचा दिवा लागायचा, आणि बाई अंगठा न धरता, सरळ त्याच्याकडे बघायच्या.

“बाई, कडी?”

“नाहीत गं.”

शंकासूर टाचा उंच करून, डोळे बारीक करून, नीट बघायची.

“आम्हालाही नाहीत,” ती म्हणायची.