फलाटाला लागलेली होडी

ऐंशीच्या दशकात आमच्या सिंधुदुर्गात आगगाडी नव्हती. मी देवबागच्या शाळेत गुरुजी होतो, आणि माझ्या सातवीच्या वर्गाला एकच निबंध तोंडपाठ होता: ‘आगगाडीतला प्रवास’. तो मी त्यांना फळ्यावर लिहून दिलेला, मला माझ्या गुरुजींनी, त्यांना त्यांच्या. आमच्यापैकी कुणीच गाडीत पाय ठेवलेला नव्हता, त्यामुळे वर्णनात चूक काढायची कुणाची छाती नव्हती.

मग तपासणीला विस्तार अधिकारी साहेब आले आणि त्यांनी विषय दिला, ‘होडीतला प्रवास’. माझी पोरं पाळण्याआधी होडीत झोपलेली. एकाने तर जन्मल्यावर रडायच्या आधी वल्हं मागितलं होतं. मी निर्धास्तपणे चहा सांगायला गेलो. परत येतो तो साहेब मोठ्याने वाचताहेत: "होडीने शिट्टी दिली. फलाटावर चहावाल्यांची एकच गर्दी उसळली. झाडे मागे पळू लागली." झाडून सगळ्या वर्गाची होडी त्याच फलाटाला लागली होती.

साहेब थंडपणे म्हणाले, "गुरुजी, पुढच्या तपासणीला होडी रुळावर दिसली, तर तुमची बदली आंबोलीला."

आंबोली! तिथे मास्तरांच्या मिशीवर शेवाळ धरतं, आणि जूनमध्ये वाळत घातलेलं धोतर वाळेपर्यंत नातवाला होतं. पण पावसाचं सोडा. त्या घाटावर रोजचा ताजा बांगडा कुठला? माझ्या जिवावरच बेतलं.

तेवढ्यात सावंतवाडीला निबंध कसा शिकवावा याचं प्रशिक्षण निघालं. एरवी प्रशिक्षण म्हटलं की माझं पोट दुखायचं. या वेळी मी सगळ्यांच्या आधी बाकावर. शिकवायला एक बाई होत्या. त्यांनी आल्याआल्या आम्हा मास्तरांनाच सकाळच्या खाण्यावर लिहायला बसवलं. मी झोकात सुरुवात केली, "प्रभातकाळी सूर्यनारायणाने आपली सुवर्णकिरणे..."

"सूर्य राहू द्या," बाई म्हणाल्या. "खाल्लं काय?"

"पेज."

"सोबत?"

"सुका बांगडा. शेपटीकडचा."

"शेपटीकडचाच का?"

"डोक्याकडचा मेव्हण्याने ओढला."

"मग तिथून सुरू करा, गुरुजी."

बाईंचं सांगणं सोपं होतं. मुलांना आधी घरच्या बोलीत सांगू द्या, इतरांना प्रश्न विचारू द्या, मग लिहायला लावा. आणि तुम्हीही त्यांच्यासमोर लिहा, खोडा.

परत येऊन मी फळ्यावर लिहून खोडायला लागलो, तसा वर्ग आनंदाने वेडा झाला. "गुरुजी पण चुकतत रे!" पण सांगायला उभं केलं की सगळे मुके. शेवटी मला आपलं गाऱ्हाणं आठवलं. देवापुढे एकजण गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचा गाव वाक्यागणिक "व्हय म्हाराजा!" म्हणून दुजोरा देतो. वर्गात तोच कायदा केला. सांगणाऱ्याचं डोळ्यांपुढे दिसलं तर "व्हय म्हाराजा", नाही दिसलं तर "खंय रे? कसो रे?", म्हणजे कुठे, कसा. एकदा तर असा गजर उठला, की खाडीपलीकडची माणसं जत्रा समजून नारळ घेऊन आली. नारळ आम्ही ठेवून घेतले. आलेल्या माणसांना नाराज कशाला करा?

मागे भिंतीला चिकटून बसणारी एक मुलगी होती. पाठ केलेली आगगाडीसुद्धा तिच्या पेपरात पहिल्याच ओळीत बंद पडायची. ती एक दिवस उठली आणि म्हणाली, "आजयेचो कोंबो होडयेत आरवलो."

"खंय बसलो होतो?"

"आजयेच्या डोक्यार!"

"व्हय म्हाराजा!"

त्या दिवसापासून तिचं पेन थांबेना.

साहेब पुन्हा आले. विषय मुद्दाम तोच दिला, आणि वाचायला नेमकं त्या मुलीला उभं केलं. माझ्या डोळ्यांपुढे आंबोलीचं धुकं उतरलं. ती वाचू लागली: "खाडीच्या मध्यावर टोपलीतला कोंबडा सुटला. तो आजीच्या डोक्यावर बसून आरवला. नावाडी म्हणाला, त्याला उतरायचं असेल तर होडी थांबवतो."

"व्हय म्हाराजा!" सगळा वर्ग सवयीने गरजला.

साहेब खुर्चीतून उडाले. त्यांच्या बशीतला चहा थेट मालवणच्या किल्ल्यावर जाऊन पडला असावा, कारण इथे तो सापडला नाही. साहेबांनी चष्मा सारखा केला.

"मग आजी काय म्हणाली?"

मुलगी घाबरून बोलीवर आली. "आजी कोंब्याक म्हणाली, गप रव. तुझा तिकीट काढूक नाय मी, कोणाक तरी कळात!"

साहेबांनी पोट धरलं. हसू आवरेना, डोळ्यांत पाणी. शेवटी तेही शेजारच्याच गावचे. म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मग त्यांनी सगळे निबंध वाचले. कुणाची होडी वाळूत रुतलेली, कुणाचीत पाणी शिरलेलं, पण शिट्टी एकीनेही दिली नव्हती. पुढे सातवीच्या परीक्षेत ती मुलगी मराठीत वर्गात पहिली आली.

त्या दिवशी निघताना साहेब म्हणाले, "गुरुजी, आंबोलीला जायचंय तुम्हाला."

"साहेब, या वेळी होडी रुळावर नव्हती!" मी म्हणालो.

"बदली नव्हे हो! तिथल्या शिक्षकांना हे शिकवून या."

गेलो. पिशवीभर सुके बांगडे घेऊनच गेलो. तिथल्या मास्तरांना पहिल्याच दिवशी सांगितलं, की तुमच्या पावसात माझे बांगडे भिजून इतके ताजे झाले, की पिशवीतून उड्या मारून ओहोळात पोहायला लागले, आणि जेवणाच्या वेळी मला गळ टाकून बसावं लागलं.

"काहीतरीच!" एक मास्तर म्हणाले.

"ते राहू द्या. डोळ्यांपुढे दिसले की नाही?"

मास्तरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग बाहेरच्या पावसालाही ऐकू जाईल असे ओरडले, "व्हय म्हाराजा!"