बोनेटजवळ धरलेला फोन

"कुलदीपनं दोनच वस्तू मागं ठेवल्यान, एक जीप नि एक बायको. दोन्ही आता धक्का मारल्याबिगर हलायच्या न्हाईत." आगरदांड्याच्या वरच्या वाडीत सुचिताविषयी असे बोलले जाई. वाक्य मूळचे समोरच्या घरातल्या हेमांगीचे. पण ते इतके चपखल बसले, की नळावर आणि रेशनच्या रांगेत, सुचिता ऐकू येईल इतक्या अंतरावर असतानाही लोक ते म्हणू लागले. सुचिता ऐकत असे आणि उत्तर देत नसे. तिच्या गप्प राहण्याला वाडीने सोशिकपणा असे नाव दिले होते. ते चुकीचे होते.

जीप तिच्या सासऱ्यांची, धर्माजींची. दिघीहून बोट आली की जेट्टीवर उतरणारी माणसे मुरुडला पोहोचवायची, हा त्यांचा धंदा. पुढे गुडघे गेले तेव्हा जीप अंगणात उभी राहिली आणि त्याच अंगणात त्यांच्या मुलाने, कुलदीपने, गॅरेज काढले. जीपचे इंजिन हा कुलदीपचा खरा अभिमान होता. मिसरूड फुटायच्या वयात त्याने ते एकट्याने सोडवून, घासून, पुन्हा जुळवले होते आणि ते पहिल्या चावीला सुरू झाले, ही कथा तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे. लग्नानंतर सुचिताच्या वाट्याला आले ते सुटे भाग डिझेलमध्ये धुणे, दिवा धरणे आणि तो मागायच्या आत योग्य पाना त्याच्या हातात देणे. एकदा तिने एक नट स्वतः आवळला. कुलदीपने तो तिच्यादेखत सैल केला आणि पुन्हा आवळला.

"हात काळे करायचं काम तुझं," तो म्हणाला होता. "अक्कल लागते ते मी बघतो."

मग नवी मुंबईत त्याने दुसऱ्या एका बाईबरोबर संसार थाटला आणि उलव्याला स्वतःचे मोठे गॅरेज. जाताना भांडण झाले नाही. त्याने हत्यारांची पेटी उचलली आणि बापाला सांगितले, "इंजिनाला कुणी हात लावायचा न्हाय. जागा झाली की गाडी घेऊन जाईन." बायकोविषयी काही सांगायचे राहून गेले, असे त्याला वाटल्याचे दिसले नाही.

त्यानंतर दर रविवारी सकाळी त्याचा फोन येई. इंजिन पडून राहिले की जाम होते. म्हणून ते आठवड्यातून एकदा चालू करायचे आणि त्याला ऐकवायचे, असा त्याने नियम घालून दिला होता. धर्माजींना पायऱ्या उतरणे जमेना, तेव्हा हे काम सुचितावर आले. ती चावी फिरवी, बोनेट उघडी आणि फोन इंजिनाजवळ धरी. पलीकडून सूचना येत. "अजून जवळ. डावीकडं घे. हां. बास, बंद कर." की फोन कट. इंजिनाची प्रकृती आठवड्याच्या आठवड्याला विचारली जात होती. फोन धरणाऱ्या हाताची विचारण्याचे कारण त्याला पडले नाही.

एका रविवारी धर्माजी अलिबागच्या इस्पितळात होते. छातीत कळ आली म्हणून आदल्या संध्याकाळी खालच्या कोळीवाड्यातल्या सदाने त्यांना आपल्या मासळीच्या टेम्पोतून नेले होते. सुचिता बाहेरच्या बाकावर बसली असताना फोन वाजला. तिने सगळे सांगितले. 

"मग आज गाडी कोन चालू करनार?" कुलदीपने विचारले.

धर्माजी बरे होऊन घरी आले, तेव्हा सुचिताने मुलाचे ते वाक्य त्यांना जसेच्या तसे सांगितले. तिखटमीठ लावले नाही. लावायची गरजही नव्हती. म्हातारा बराच वेळ आपल्या हाताची नखे बघत बसला.

"गाडी अजून माझ्या नावावर हाय," ते शेवटी म्हणाले. "तुझ्या नावावर करून देतो. काय करशील?"

"त्याचं इंजिन काढीन. टर्बो बसवीन."

"त्याला टर्बोचा राग हाय, पोरी."

"म्हनून तर."

राग खराच होता. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर फिरणारा एक छोटा पंखा. तो जादा हवा आत कोंबतो आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून कितीतरी अधिक ताकद निघते. गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे टर्बो कुलदीप बिनतक्रार दुरुस्त करी. पण या जीपचा विषय निघाला की म्हणे, "माझ्या इंजिनाला असली कुबडी लागत न्हाय." सुचिताला ताकद हवी होतीच, सासऱ्यांचा जेट्टीचा धंदा पुन्हा चालवायचा आणि ओहोटीच्या वेळी तिथला उतार भरल्या गाडीने चढायचा, तर ती लागते. परंतु ताकद हे दुय्यम कारण होते. कुलदीपने ज्याला जपायला सांगितले ते नाहीसे करायचे आणि ज्याला तो नाक मुरडत असे ते नेमके त्याच जागी बसवायचे, हा तिचा हेतू होता. तो तिने मनातल्या मनात कधी सौम्य केला नाही.

अपघातात मागून चेपलेल्या एका गाडीचे टर्बो इंजिन तिला पनवेलजवळच्या भंगारवाल्याकडे मिळाले, गिअरबॉक्ससकट. इंजिन बदलण्याची रीतसर परवानगी तिने पेणच्या आरटीओत जाऊन आणली. सासऱ्यांनी अंगणात खुर्ची टाकली. सुरूचे तीन वासे उभे करून सदाने तिपाई बांधली आणि होडीची मशीन उचलायची आपली चेन-कप्पी तिच्यावर टांगली.

जुने इंजिन काढण्याआधी सुचिताने ते शेवटचे चालू केले, सासऱ्यांचा फोन त्याच्याजवळ ठेवला आणि त्याचा आवाज भरून घेतला. सदाला याचा अर्थ कळेना.

"रविवारी कामाला येल," ती म्हणाली.

नट सुटत गेले. जुना गिअरबॉक्स सुटा होऊन बाजूला पडला. साखळी ताठ झाली आणि कुलदीपचे इंजिन सावकाश वर आले. मग वाऱ्यावर किंचित फिरत टांगलेले राहिले. सदाने त्याभोवती एक फेरी मारली.

"सुचिताबाय, हे विकशील तं कुलदीपच धावत येल न्यायला."

"विकायचं न्हाय. तुला खाडीत होडी बांधाय वजन लागतं ना? ने हे."

खाडीच्या तळाशी जड लोखंड सोडून त्याला होडी बांधण्याची पद्धत जुनी आहे आणि त्यासाठी निकामी इंजिनाचे ठोकळे कोळी भंगारातून आणतातही. पण पहिल्या चावीला सुरू होणारे इंजिन कुणी अद्याप पाण्यात घातले नव्हते.

"अगो बाय, हे चालतं हाय!"

"बुडवल्यावर न्हाय चालायचं."

सदाने धर्माजींकडे पाहिले. धर्माजी म्हणाले, "तेल सगळं काढून घ्या आधी. खाडीतली मासली मरल." एवढीच त्यांची हरकत होती.

दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला इंजिन चिखलात रोवले गेले. त्याच्या पोटातून साखळी ओवली होती. भरती आली आणि त्याच्यावर पाणी चढले.

रविवारी फोन आला. सुचिताने भरून घेतलेला इंजिनाचा आवाज सासऱ्यांच्या फोनवर लावून ऐकवला. कुलदीपने नेहमीप्रमाणे लक्षपूर्वक ऐकले. "झकास," तो म्हणाला. "जरासं खोकतंय. पुढच्या टायमाला दोन मिनिटं जास्त चालव." पुढच्या रविवारी सुचिताने तोच आवाज दोन मिनिटे जास्त चालवला. "बघ, सुधारलं ना?" कुलदीप म्हणाला. खुर्चीतले धर्माजी तोंडावर टॉवेल धरून हसले. कित्येक महिन्यांत ते असे हसले नव्हते. त्या अंगणातल्या जीपच्या पोटात तेव्हा वाऱ्याशिवाय काही नव्हते आणि इंजिनावर शिंपल्यांनी घर करायला सुरुवात केली होती.

नवे इंजिन मात्र सहजासहजी बसले नाही. सुचिताने ते ठेवण्याचे पाय, ज्यांना मेकॅनिक लोक फाउंडेशन म्हणतात, जुन्याच जागी स्वतः वेल्डिंगने जोडले होते; कुलदीपने इंजिन बसवले होते ती जागा नव्याला चुकीची असू शकेल, हे तिच्याही मनात आले नव्हते. इंजिन खाली उतरवले तर टर्बो थेट स्टिअरिंगच्या दांड्याला भिडला. ते पुन्हा वर टांगून, फाउंडेशन कापून, दोन बोटे पुढे घेऊन नव्याने जोडावे लागले. त्या दिवशी तिला राग आला तो मापाचा नव्हता. आपण अजूनही त्याच्या खुणेवर विसंबतो, याचा होता. पुढे जीप प्रथमच रस्त्यावर काढली, तेव्हा जुना रेडिएटर नव्या इंजिनाला पुरा पडेना. चढावर वाफेचे ढग निघाले आणि वाडीतल्या माणसांनी धक्के मारत गाडी घरी आणली.

"मी काय म्हंटलेलं?" हेमांगी कठड्यावरून म्हणाली. "धक्का मारल्याबिगर न्हाय!"

सुचिताने मोठा रेडिएटर आणून बसवला. पुढच्या खेपेला जीप तोच चढ दमदारपणे चढून गेली आणि वरून मागे वळताना तिने हेमांगीच्या दारासमोर मुद्दाम गिअर उतरवून इंजिन गरजवले. हेमांगीच्या ओट्यावरच्या कोंबड्या उडाल्या. सुचिताने कसलीही दिलगिरी दाखवली नाही.

नंतरच्या रविवारी तिने सासऱ्यांना आधार देऊन जीपमध्ये बसवले. फोन वाजला. ती फोन बोनेटजवळ घेऊन गेली.

"चालू कर," कुलदीप म्हणाला.

"बाबा, दाबा," ती म्हणाली.

धर्माजींनी चावी फिरवली आणि दुखऱ्या पायाने पॅडल दाबले. इंजिन चढत गेले आणि त्याच्या आवाजातून टर्बोची ती बारीक, लांबत जाणारी शिट्टी वर आली. 

"हे काय हाय?" कुलदीपने विचारले. मग ओरडून, "सुचिता, हे काय हाय?"

नवी मुंबईला गेल्यापासून त्याने तिचे नाव घेतले ते प्रथमच. तिने फोन आणखी जवळ धरला. "बाबा, अजून दाबा," ती म्हणाली.

सोमवारी तो आला. सुचिता घरी नव्हती. ती जेट्टीवर होती. दिघीची बोट लागली होती, ओहोटी होती आणि उतार ओला होता. कुलदीप उताराच्या माथ्यावर येऊन उभा राहिला तेव्हा माणसांनी आणि मासळीच्या टोपल्यांनी भरलेली त्याची जीप न अडखळता उतार चढून त्याच्यासमोर थांबली. त्याने कुणाला न विचारता बोनेट उघडले आणि पाहतच राहिला. नवे इंजिन नीट बसले होते. त्यात नाव ठेवायला जागा शोधत त्याचे डोळे सगळीकडे फिरले आणि ती सापडली नाही.

"माझं इंजिन कुठाय?"

सुचिताने खाडीकडे बोट दाखवले. पाणी उतरले होते. सदाची होडी चिखलात कलली होती आणि तिच्या साखळीच्या टोकाला काळा-पांढरा ठोकळा वर आला होता.

कुलदीप बूट न काढता चिखलात उतरला. गुडघ्यापर्यंत रुतत तो तिथवर गेला आणि ठोकळ्यावरचे शिंपले नखांनी खरवडू लागला. बोटीतून आलेले पाहुणेही कठड्याला टेकून बघू लागले. "दादा, चावी देऊ काय?" सदा होडीतून म्हणाला. वर हशा पिकला. सुचिता हसली नाही. ती पाणी प्यायली, तिने बाटलीचे झाकण लावले आणि तो परत येईपर्यंत एकदाही त्याच्यावरून नजर काढली नाही. हे बघण्यासाठीच तिने सगळे केले होते आणि त्यातला एकही क्षण तिला वाया घालवायचा नव्हता.

तो वर आला तेव्हा कंबरेपर्यंत चिखलाने माखला होता.

"माझा राग व्हता तं मला शिव्या द्यायच्या," तो म्हणाला. "त्या इंजिनानं काय केलं व्हतं तुझं?"

"काय न्हाय. चांगलं व्हतं बिचारं."

 त्याने पुन्हा उघड्या बोनेटमध्ये पाहिले. फाउंडेशनच्या जोडावरून बोट फिरवले. मग त्याचा आवाज उतरला. "जोड कुनी मारला? तू? काम बरं हाय," तो म्हणाला, आणि आजूबाजूला माणसे आहेत हे विसरून, किंवा ती आहेत म्हणूनच, पुढे बोलू लागला. उलव्याचे सगळे मिटवतो. तिथे तसेही जमत नाही. आपण परत येतो. गॅरेज इथेच पुन्हा काढू, दोघे मिळून चालवू.

 मासळी घ्यायला आलेली हेमांगी टोपली सोडून पुढे आली. "अगो सुचिता, येतो म्हंतोय ना तो! इतक्या लोकांत म्हंतोय. सोड आता. नवरा हाय."

गाडीतल्या बायकाही सुचिताकडे बघू लागल्या. तिने बोनेट खाली ओढले, दोन्ही तळव्यांनी दाबून बसवले आणि हात फडक्याला पुसले.

"जागा न्हाय," ती कुलदीपला म्हणाली. "तुम्ही झोपायचात तिथं मी जुना गिअरबॉक्स ठेवलाय."