काच बसवायचा वारा

बार्तूलनं टोस्ट दोन्ही हातांनी मोडायला घेतला. तो मोडला नाही, वाकला.

मठातल्या नन भाजतात तो हा टोस्ट एरवी दात पाडील इतका कडक असतो. बार्तूल रोज एक कॉफीत बुडवून खायचा आणि एक दुकानाच्या फळीवर उघडा ठेवायचा. फळीवरचा टोस्ट कट्टकन मोडला तर हवा कोरडी आहे, फ्रेमवर काच बसवायला हरकत नाही. वाकला तर हात बांधून बसायचं. पाग या बेटावरच्या गावात लेसच्या फ्रेमा करणारा तो एकटाच उरला होता आणि बापापासून चालत आलेला नियम त्यानं कधी मोडला नव्हता: काच बसवायची ती बूरा वाहत असताना. बूरा हा वारा समोरच्या डोंगरावरून कोसळतो, माणसाला रस्त्यात आडवा करतो, पण हवेत ओल म्हणून ठेवत नाही. सध्या मात्र वाहत होता यूगो, दक्षिणेचा, समुद्रावरून येणारा, चिकट, डोकं उठवणारा वारा. या हवेत काच बंद केली की ओल आत कोंडते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पांढऱ्या लेसवर चहा सांडल्यासारखे डाग पडतात.

टेबलावर पुठ्ठ्यावर ताणलेल्या गडद निळ्या कापडावर पेरिनाची लेस पडली होती. ताटाएवढी, सुईनं विणलेली, नक्षी कागदावर न काढता नुसत्या डोक्यातून उतरवलेली. पेरिनाला सारं गाव मावशीच्या मानानं तेता म्हणे. वय ऐंशीच्या पुढे गेलेलं. डोळ्यांच्या मधोमध काळोख साचत चालला होता. कडेकडेनं काय दिसेल तेवढंच. ही लेस तिची शेवटची. शनिवारी संध्याकाळी गावातल्या लेसच्या दालनात नव्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं आणि रविवारी सकाळच्या बसनं मुलगी तिला कायमची आपल्याकडे, रिएका शहरात, घेऊन जाणार होती.

लेस द्यायला आली तेव्हाच तिनं त्याच्याकडून शब्द घेतला होता. शनिवारी ती भिंतीवर हवी.

“मला काय दिसणार आहे रे,” ती म्हणाली होती. “मी शेजारी खुर्ची टाकून बसणार आणि लोकांचे पाय ऐकणार. आवडलं की पाय थांबतात. नाही आवडलं की चालत राहतात. तोंडावर सगळे छानच म्हणतात.”

बार्तूलनं शब्द दिला, कारण तेव्हा बूरा वाहत होता. दुसऱ्याच दिवशी बूरा पडला आणि यूगो सुरू झाला.

लेस कापडावर चिकटवायची नसते. बाकदार सुईनं, बारीक धाग्यानं, टोकाटोकाला एकेक टाका घेत ती कापडावर नुसती टेकवायची असते. पण या दमट हवेत लेसला दिलेली पिठाची खळ मऊ पडली होती. टोकं गळून गेली होती, एक सरळ करावं तर शेजारचं मान टाकत होतं. वैतागून बार्तूलनं टाके ओढून घट्ट घेतले. पेरिना पाहायला आली, म्हणजे बोट फिरवायला आली. कडेनं एक फेरी झाली आणि तिचं बोट थांबलं.

“शिवलीस की सुळावर दिलीस?”

सैल ठेवली तर लोंबते, असं त्यानं सांगितलं. लोंबेना का, ती म्हणाली, वारा फिरला की आपोआप उभी राहील. बार्तूलनं ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, तेतानं विणायचं काम करावं, फ्रेमचं माझ्यावर सोडावं.

शुक्रवारी सकाळी दालन सांभाळणारी नेवेन्का आली. तिला आधी निळ्याऐवजी लाल कापड हवं होतं, तो वाद कसाबसा मिटला होता. आता तिला काच हवी होती. भिंतीवर खिळा ठोकलेला होता, खाली पेरिनाच्या नावाची पाटी लागलेली होती, फक्त फ्रेमचा पत्ता नव्हता.

“बार्बा,” ती म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला इथं असंच म्हणतात. “महापौरांना काय सांगू? टोस्ट वाकला म्हणून?”

“सांग. त्यांच्या घरीही वाकला असेल.”

मग काच न लावता टेबलावर मांडू, असं तिनं सुचवलं. बार्तूलनं ते उडवूनच लावलं. इतकी माणसं येणार, प्रत्येकाचं घामट बोट त्या लेसवरून फिरणार. तशी ती मांडण्यापेक्षा न मांडलेली बरी. नेवेन्का दार आपटून गेली. दार फुगलेलं असल्यामुळे तेही नीट आपटलं नाही.

दुपारी जेवताना बार्तूल एकटाच बडबडत होता. वाऱ्याला शिव्या, प्रदर्शनाच्या तारखेला शिव्या, मीठदाणीत गोळे झालेल्या मिठाला शिव्या. बायकोनं, दिन्कानं, मीठदाणी त्याच्या हातून काढून घेतली.

“आपल्या लग्नाच्या दिवशीही यूगोच होता,” ती म्हणाली. “तेव्हा बरा थांबला नाहीस.”

त्याच बोलण्यावर तो ताडकन उठला. वारा येत नसेल तर कोरडेपणा दुसरीकडून आणू. लेस शिवलेला पुठ्ठा स्वच्छ चादरीत गुंडाळून तो फ्रानेच्या बेकरीत गेला. दुपारची भट्टी विझली होती, भिंतीलगतची फळी अजून गरम होती. फ्रानेनं पाव बाजूला सारून जागा करून दिली आणि विचारलं, किती भाजायची, मध्यम की खरपूस? बार्तूल हसला नाही.

तासाभरानं त्यानं चादर उघडली. लेस कोरडी झाली होती, छान कडक झाली होती, पण खालचं कापड पुठ्ठ्यासकट आक्रसलं होतं. त्यानं घेतलेले घट्ट टाके जागचे हललेले नव्हते. लेसच्या कडा कापडाबरोबर आत ओढल्या गेल्या आणि मधला भाग तेलात सोडलेल्या पापडासारखा फुगून वर आला. बेकरीतून दुकानात येईपर्यंत तो मधला भाग पुन्हा ओला होऊन एका अंगाला बसला, म्हणजे आता फुगाही उरला नाही, नुसती सुरकुती उरली.

आता टाके उसवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. शनिवारचा सगळा दिवस त्यातच गेला. घट्ट घेतलेला टाका लेसच्या धाग्यात रुतून बसतो. कात्रीचं टोक जरा सरकलं तर आपला धागा कोणता आणि पेरिनाचा कोणता याचा भरवसा नाही. दिन्का दोनदा जेवायला बोलवून गेली, तिसऱ्यांदा आली नाही. शेवटचा टाका सुटला तेव्हा दालनाकडे निघालेल्या लोकांची बोलणी चौकातून ऐकू येत होती. लेस अखंड होती, सुरकुती निघाली होती, पण लेस कापडावर मोकळी पडलेली होती. भिंतीवर लावण्यासारखं काहीच त्याच्या हातात नव्हतं.

तो मळकट कपड्यांतच दालनात गेला. पेरिना भिंतीशी खुर्चीवर बसली होती, काळा पोशाख, केस चापून बसवलेले. भाषण झालं, वाइन फिरली, मेंढीच्या चीजचे तुकडे फिरले. पाय आले आणि गेले. रिकाम्या खिळ्यापुढे कोण थांबणार?

पेरिनानं त्याला चालीवरून ओळखलं.

“कुणीच थांबलं नाही रे,” ती हळूच म्हणाली. “इतकी वाईट झालीय?”

लेस भिंतीवर नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बार्तूलनं तिचा हात धरून भिंतीवर नेला आणि खिळ्यावर ठेवला. तिनं खिळा चाचपला, आजूबाजूची भिंत चाचपली.

“खिळा छान ठोकलाय,” ती म्हणाली.

मग तिनं लेस कुठं आहे ते विचारलं आणि त्यानं तिला दुकानात नेलं. तिनं बोटांनी लेसभोवती पूर्ण फेरी मारली, बराच वेळ, कुठं काही तुटलं नाही याची खात्री करत. नेवेन्का टेबलावर मांडायचं म्हणत होती हे त्यानं सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा चिडली.

“लोकांनी हात लावला असता तेता,” तो म्हणाला.

“लावला असता तर लावला असता. हात लावायला थांबावं तरी लागतं.”

रविवारी तो तिला बसपर्यंत पोचवायला गेला तेव्हाही यूगोच वाहत होता. बसच्या खिडकीची काच सरकवून पेरिना त्याला म्हणाली, सैल शीव, आणि बस निघाली.

बुधवारी पहाटे खिडक्यांच्या झडपा आपटायला लागल्या. बार्तूल अंथरुणातून उठून थेट दुकानात गेला. टोस्ट कट्टकन मोडला, तुकडा भिंतीपर्यंत उडाला. लेसची टोकं मोरपिसाऱ्यासारखी ताठ उभी होती. त्यानं टाके इतके सैल घेतले की बापानं पाहिलं असतं तर हातातली सुई काढून घेतली असती. काच बसवली, कड बंद केली आणि भिंतीला धरत धरत, फ्रेम कोटाखाली पोटाशी घेऊन तो दालनात पोचला. वाऱ्यामुळे बेटावर येणारा पूल बंद झाला होता, गावात येणारं जाणारं कुणी नव्हतं. नेवेन्कानं दार उघडून दिलं आणि कुडकुडत आतल्या खोलीत गेली.

फ्रेम खिळ्यावर बसली. तिरकी नाही, सुरकुती नाही. त्यानं रिएकाला फोन लावला.

“लावली तेता. बूरा आहे. ऐकू येतो?”

“येतो. पाय थांबतात का?”

बार्तूलनं रिकाम्या दालनाकडे पाहिलं. मग फोन पुढे धरून तो दारापर्यंत गेला, तिथून लेसपर्यंत चालत आला आणि थांबला.

“ते तुझे बूट,” पलीकडून आवाज आला. “ते धरायचे नाहीत.”

“या वाऱ्यात कोण येणार तेता?”

“मग ठेव फोन. कुणी थांबलं की कर.”

त्यानं फोन खिशात टाकला. पेरिनाची खुर्ची अजून भिंतीशी तशीच होती. तो तिथं बसला, पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि दाराकडे बघत राहिला.