बँकेला न चाललेला वकील

मुलगा देवळाली कॅम्पच्या बाजूला फ्लॅट घेत होता. कागद कोणाकडून तपासायचे, असा विषय निघाला तेव्हा मी म्हणाले, शेजारचे वकीलसाहेब आहेत की. आमच्या मालकांचे मित्र, सरळ माणूस. "आधी बँकेला विचारू," असं सून म्हणाली. मी तिला गप्प केलं.

वकीलसाहेबांनी कोर्ट सोडून बरीच वर्षं झाली. तरी ते रजिस्ट्रार ऑफिसात गेले, जुन्या नोंदी पाहिल्या आणि सर्च रिपोर्ट लिहून दिला. बँकेने तो उघडलासुद्धा नाही. कर्ज हवं असेल तर आमच्या पॅनेलवरचाच वकील लागेल, म्हणाले.

मुलगा फोनवर कळवणार होता. पण शब्द मी टाकला होता, म्हणून मीच गेले. त्यांच्या बायकोने चहा दिला. "बरं झालं वहिनी, यांना काम दिलंत. घरात जरा शांतता होती."

"रिपोर्ट चालत नाही तुमचा," मी त्यांना सांगितलं. "बँकेच्या यादीत तुमचं नाव नाही."

"असं होय? उद्या येतो ना मी बँकेत. साहेबांना समजावतो."

"नका येऊ. मुलाने त्यांचा वकील ठरवलाय."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चूक माझीच. एवढी वकिली केली, बँकेला आधी विचारायचं मला सुचायला हवं होतं."

सुनेने ते सुचवलं होतं, एवढंच मला सांगायचं होतं. एरवी माझी जीभ कोणासमोर अडत नाही. तिथे मात्र मी मान डोलावली आणि चहा संपवला.