भाऊजींचं एकुलतं एक भांडण

काम बिघडवून देणाऱ्या कारागिराचा आमच्या भाऊजींइतका मान साऱ्या नागपुरात कोणी राखला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नंदनवन भागात घराच्याच पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवायचे. शिंप्याने सदऱ्याची एक बाही आखूड शिवली, तर त्यांनी दोन्ही बाह्या दुमडून तो सदरा विरेपर्यंत वापरला. सुताराने केलेल्या कपाटाचं दार लागेना, तेव्हा त्यालाच म्हणाले, "बरं झालं, कपड्यांले हवा लागंल." रंगाऱ्याने खिडकीच्या काचाही रंगवून टाकल्या, तेव्हा ताई ब्लेडने रंग खरवडत बसली होती आणि हे आत त्या रंगाऱ्यासाठी चहा ठेवत होते.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा क्लासच्या मुली कॉम्प्युटरबद्दल विचारू लागल्या. भाऊजींनी सीताबर्डीतल्या एका माणसाकडून सुटे भाग जुळवून एक बनवून घेतला, पैसे आधीच देऊन. तो आला तोच आजारी. उचलला की आत एक स्क्रू गडगडायचा आणि दहा-पंधरा मिनिटं चालला की पडदा काळा होऊन टाइप केलेलं सगळं नाहीसं व्हायचं. तो माणूस चारदा येऊन दुरुस्त करून गेला, चारही वेळा पोहे खाऊन गेला.

"तुम्ही त्याले काही म्हणत काहून नाही?" ताईने विचारलं.

"अवं, बोलावलं का येऊन तर राहिला नं तो," भाऊजी म्हणाले.

क्लासला कुहीहून रोज बसने एक बाई यायची. नवरा गेलेला, पदरात दोन मुली. एका कचेरीत नोकरीसाठी तिची कॉम्प्युटरवर परीक्षा होती आणि जेमतेम आठवडा उरला होता. एका सकाळी तिसऱ्यांदा पडदा काळा झाला, तेव्हा ती हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. भाऊजी थोडा वेळ तिच्याकडे पाहत उभे राहिले, मग मला म्हणाले, "रिक्षा आण गा."

कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन ते वाटभर पुटपुटत होते. भांडणाची तालीम चालली होती. त्या माणसाच्या दुकानात पोचल्यावर त्यातलं एकही वाक्य त्यांना आठवलं नसावं.

"तुम्ही हे बरं नाही केलं," ते म्हणाले. "मी चालवून घेतलं असतं. पण त्या बाईच्या पोटावर येऊन राहिलं हे."

एवढंच. एरवी सबबींना तोटा नसलेला तो माणूस खाली पाहत म्हणाला, "सर, हा मी बनवलेला पहिलाच कॉम्प्युटर होय. काय चुकलं ते मलेच समजून नाही राहिलं."

भाऊजींनी स्टूल ओढलं. "मंग उघडा. दोघं मिळून पाहू."

दुपारपर्यंत तो स्क्रू सापडला, आत नीट न बसलेली एक पट्टीही सापडली. त्यानंतर तीन तास दोघंही तापवायला ठेवलेल्या दुधाकडे पाहावं तसे पडद्याकडे पाहत बसले. पडदा काळा झाला नाही.

परतताना रिक्षात भाऊजींनी विचारलं, "जास्त बोललो काय गा मी?"

"नाही," मी म्हणालो. नंदनवन येईपर्यंत त्यांनी आणखी दोनदा विचारलं.

बाई परीक्षा पास झाली. त्या माणसाचं दुकानही पुढे बरं चाललं. भाऊजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी कंटाळून बाहेर पाहत राहिलो होतो. तेव्हाही 'नाही' म्हणायला हवं होतं.