वारा सरला का?

माझ्या आतड्याला पीळ पडला होता. शेलूबाजारापर्यंत बैलगाडी, पुढे मोटार, आणि मग मोठ्या दवाखान्यात माझं पोट चिरलं. शुद्धीवर आले तेव्हा वाटलं, हे पोट माझं नाहीच. कुणीतरी आपलं गाठोडं माझ्यावर ठेवून गेलंय. दुखणंसुद्धा लांबून येई. बायकांच्या वॉर्डात जागा नव्हती म्हणून माझी खाट व्हरांड्यात टाकली होती. नवरा ज्वारीच्या सोंगणीसाठी गावी परतला, सासू माझ्या लग्नाआधीच वारलेली. त्यामुळे माझ्याजवळ मामाजी, म्हणजे माझे सासरे राहिले.

लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी मी त्यांच्याशी समोरासमोर बोलले नव्हते. आमच्याकडे सून सासऱ्यापुढे खाकरतसुद्धा नसे. आता ते खाटेशी घोंगडी अंथरून बसत आणि मी तशाही अवस्थेत कपाळावर पदर ओढून पडलेली.

पाणी बंद होतं. नर्स ओला कापूस ओठांना लावी. डॉक्टर रोज सकाळी पोट दाबून सगळ्यांदेखत विचारत, "वारा सरला का?" वारा सरला म्हणजे आतडं चालू झालं, मगच पाणी. मी मानेनेच नाही म्हणे.

पुढे एका दुपारी सरला. चांगला वाजून. मामाजी भिंतीकडे तोंड करून तंबाखू मळत होते. त्यांचा हात थांबला नाही, म्हणून मी समजले की त्यांना ऐकू गेलं नाही. त्यानंतर मात्र मी दात आवळून सगळं आत धरून ठेवलं.

दुसऱ्या सकाळी पोट टम्म फुगलेलं. डॉक्टरांनी विचारलं, मी पुन्हा मान हलवली. ते मामाजींना म्हणाले, "आतडं चालूच होत नाही. पुन्हा पोट उघडावं लागेल. या खेपेला भरवसा देत नाही."

मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. मरेन, एवढं कळलं, आणि मामाजींसमोर 'हो' म्हणण्यापेक्षा ते सोपं वाटलं. आज कुणाला हसू येईल. खुशाल हसा.

मामाजी उठले. डोक्याचा पटका काढून हातात धरला.

"सायेब, चिरू नोका तिले. कालच सरला वारा. मी आयकला."

"मग ही नाही कशाला म्हणते?"

"माह्यासमोर कशी सांगीन ते? अन् सुनंचं असं मी तरी कसं सांगू? दोघंबी लाजून राह्यलो जी."

डॉक्टर मला खूप रागावले. मामाजी तेवढ्यात आपली घोंगडी उचलून पार अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून.

संध्याकाळी नर्सने चमच्याने पाणी दिलं. ते घशाखाली उतरलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं. मामाजी अजून तिथेच, उघड्या डोक्याने बसले होते.