एका सीटवर दोघे

बाळांनो, आमचा खालचा भाडेकरू महाडच्या एका ट्रॅव्हल्सचा बुकिंगचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम सांभाळायचा. प्रत्येक दुरुस्ती साठवताना काळ्या पडद्यावर तिचं कारण टाइप करावं लागे. हा दरवेळी 'किरकोळ बदल' लिहून मोकळा व्हायचा.

एकदा मी चहा द्यायला गेले, तर फोनवर ट्रॅव्हल्सचा मालक त्याच्यावर ओरडत होता, "एका सीटवर दोघं बसवलीस! तासाभरात निस्तर, नायतर काम दुसऱ्याला देतो!"

घोटाळा कधी झाला ते पाहायला त्याने जुनी कारणं उघडली. वरपासून खालपर्यंत किरकोळ बदल!

"बाई, हसू नका हो."

एकेक दुरुस्ती तपासत शेवटी त्याने चूक शोधून दुरुस्त केली. कारण लिहिताना माझ्याकडे पाहून थांबला, मग टाइप केलं, 'दोघांना मीच बसवलं होतं. आता एकाला उठवलं.'